तेथे शिकायला जाऊ नये, शिकून जावे: गोव्याहून लक्षद्वीपला कयाक आणि स्नॉर्केलिंगसाठी निघणाऱ्या नवख्यांकरिता

गोव्यातील माणसाला समुद्राचे अप्रूप नसते, आणि लक्षद्वीपच्या सहलीत नेमकी हीच गोष्ट त्याच्या आड येते. मिरामारला किंवा कळंगुटला लहानपणापासून लाटांत खेळलेल्या माणसाला आपल्याला पोहता येते असे मनापासून वाटत असते. प्रत्यक्षात तो छातीभर पाण्यात असतो आणि दम लागला की पाय टेकतो. प्रवाळबेटांच्या पाण्यात पाय टेकायची सोय नसते. खाली खडकासारखे दिसते ती जिवंत प्राण्यांची वस्ती असते. तिच्यावर पाय पडला तर ती मोडते आणि पायही फाटतो. म्हणून वाटाड्याबरोबर कयाक, म्हणजे अरुंद, हलकी होडी, वल्हवत जाऊन स्नॉर्केलिंग करत, म्हणजे मास्क आणि श्वासाची नळी लावून पाण्यावर पालथे तरंगत, प्रवाळ पाहण्याची ही सहल करू इच्छिणाऱ्यांना माझे पहिले सांगणे असे की, तेथे शिकायला जाऊ नये, शिकून जावे. शिकण्यासाठी आपल्या नद्या, खाड्या आणि पोहण्याचे तलाव पुरेसे आहेत, आणि चुका येथे स्वस्तात होतात. निघण्यापूर्वीचे सहा आठवडे त्यासाठी राखून ठेवावेत.

ज्या जागी जायचे ती कशी आहे

अ‍ॅटॉल म्हणजे कंकणाच्या आकाराचे प्रवाळद्वीप. ज्वालामुखीच्या बेटाभोवती प्रवाळाची कड वाढते, बेट हळूहळू खचत पाण्याखाली जाते, प्रवाळ मात्र उजेडाच्या ओढीने वर वाढत राहतात, आणि शेवटी कडेचे कंकण तेवढे उरते, असे स्पष्टीकरण चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडले. लक्षद्वीपची ३६ बेटे अशाच कंकणांवर वसलेली आहेत. त्यांपैकी १० बेटांवर वस्ती आहे, आणि सगळ्यांची मिळून जमीन ३२ चौरस किलोमीटर भरते, म्हणजे गोव्याच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी. बहुतेक बेटे कंकणाच्या पूर्वेकडील कडेवर आहेत आणि पश्चिमेला कंकणाच्या आत उथळ, शांत पाणी आहे. त्याला लगून म्हणतात. नवख्याने कयाक वल्हवायचे ते या लगूनमध्येच. कंकणाबाहेर समुद्र एकदम शेकडो मीटर खोल होतो, आणि तेथे नवख्याचे काही काम नाही.

आपल्या शाळेच्या भूगोलात लगूनला खाजण असाही शब्द भेटतो, पण गोव्यात खाजन म्हटले की बांध घातलेली खारी शेते डोळ्यांपुढे येतात. तरीही ती तुलना उपयोगाची आहे. खाजनातले पाणी मानशीतून, म्हणजे बांधातल्या दारातून, बाहेर पडते, आणि सुकती, म्हणजे ओहोटी, लागलेली असताना मानशीच्या तोंडाशी कोणी शहाणा माणूस पोहायला उतरत नाही. लगूनलाही अशाच मानशी असतात. कडेत काही ठिकाणी खिंडारे असतात. भरतीला आत आलेले पाणी ओहोटीला प्रामुख्याने त्या खिंडारांतून समुद्रात जाते, आणि तेथील ओढ चांगल्या पोहणाऱ्यालाही उलटी कापता येत नाही. लगूनचा मधला भाग तळ्यासारखा वाटतो म्हणून सगळीकडे तसेच असेल, असे धरून चालणे ही नवख्यांची सर्वांत धोकादायक चूक आहे. सहलीच्या पहिल्या दिवशी वाटाड्याकडून नकाशावर किंवा वाळूत रेघोट्या काढून ही खिंडारे कोठे आहेत ते समजून घ्यावे.

हंगाम, परवाना आणि प्रवास

ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ या सहलीचा आहे. पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो. त्यातही नोव्हेंबर ते फेब्रुवारी मला अधिक सोयीचे वाटतात, कारण तेव्हा वारा साधारण ईशान्येकडून येतो आणि पूर्वेकडील माडांची रांग लगूनला आडोसा देते. अर्थात हिवाळा म्हणजे वादळे नाहीतच असे नाही. २०१७ मधले ओखी चक्रीवादळ नोव्हेंबरच्या अखेरीस उठून डिसेंबरच्या आरंभी लक्षद्वीपवर आले होते. परतीच्या तारखेच्या दुसऱ्याच दिवशी कामावर रुजू होण्याचे वचन कोणालाही देऊ नये.

लक्षद्वीपला जाण्यासाठी भारतीय नागरिकालाही प्रवेश परवाना लागतो. १९६७ च्या प्रवेश आणि निवास यांविषयीच्या नियमांनी ही अट घातलेली आहे. अर्जाबरोबर ओळखपत्र, छायाचित्रे आणि पोलिसांचा चारित्र्य दाखला जोडण्याची तयारी ठेवावी. आपल्या पोलीस ठाण्यातून दाखला हातात पडायला किती दिवस लागतात हे ज्याने त्याने अनुभवलेले असतेच, म्हणून हे काम सहलीच्या दोन महिने आधी सुरू करावे. परवान्यावर ज्या बेटांची नावे असतील त्याच बेटांवर उतरता येते. कयाकच्या वाटेवरील प्रत्येक बेट परवान्यात आले आहे ना, हे आयोजकाकडून लेखी विचारून घ्यावे.

कोचीहून जहाजाने गेल्यास बेटानुसार साधारण १४ ते १८ तास लागतात. विमानतळ एकट्या आगत्तीला आहे. २०२४ पासून गोव्यातील मोपा विमानतळावरून आगत्तीला छोट्या एटीआर विमानाची सेवा सुरू झाल्याने गोवेकरांची कोचीची फेरी वाचू शकते. मात्र वेळापत्रक हंगामानुसार बदलते, आणि अशा विमानात सामानाची मर्यादा काटेकोरपणे पाळली जाते, हे पॅकिंग करताना लक्षात ठेवावे. बंगारम बेट सोडल्यास लक्षद्वीपमध्ये दारूबंदी आहे. फेणीची बाटली कितीही आग्रहाने कोणी दिली तरी ती घरीच ठेवावी.

सहा आठवड्यांचा घरचा सराव

पहिले दोन आठवडे फक्त पाण्यात राहण्यासाठी द्यावेत. पणजीच्या कांपाल तलावात किंवा जवळच्या कोणत्याही तलावात न थांबता २०० मीटर पोहता येणे आणि हात-पाय फारसे न हलवता १० मिनिटे तरंगता येणे, एवढी पात्रता मी आवश्यक मानतो. वेगाला महत्त्व नाही. ज्याला तरंगता येते तो घाबरला तरी वाचतो, आणि ज्याला केवळ जोरात पोहता येते तो लवकर थकतो. हृदयविकार, दमा किंवा फेफरे असेल त्याने याच वेळी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बेटावर पोहोचल्यावर तो विषय काढण्यात अर्थ नसतो.

तिसऱ्या आठवड्यात तलावातच मास्क आणि नळी यांची ओळख करून घ्यावी. मास्क विकत घेताना पट्टा न लावता तो चेहऱ्यावर टेकवावा आणि नाकाने हलका श्वास आत ओढावा. हात सोडल्यावरही तो चेहऱ्याला चिकटून राहिला तर तो आपल्या मापाचा आहे. मिशीवाल्यांचा प्रश्न खरा आहे. माझ्या पहिल्या सहलीत मिशीखालून मास्कमध्ये सतत पाणी येत होते आणि मी दोष मास्कला देत होतो. नाकाच्या अगदी खालची केसांची बारीक पट्टी काढून टाकली किंवा तेथे सिलिकॉनचे ग्रीस लावले की गळती बरीच थांबते. चष्मा असणाऱ्यांनी नंबरच्या काचांचा मास्क घ्यावा, कारण चष्म्याच्या काड्यांवर मास्क बसत नाही. काच धूसर होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून पाण्यात हलकेच विसळणे हा जुना उपाय आजही उत्तम आहे. संपूर्ण चेहरा झाकणारे मास्क दिसायला सोपे असतात, पण घाबरल्यावर ते झटकन निघत नाहीत आणि त्यांत उच्छ्वासाची हवा साचू शकते, म्हणून नवख्यांना मी त्यांची शिफारस करत नाही.

तलावात तीन गोष्टी इतक्या वेळा कराव्यात की त्यांचा विचार करावा लागू नये. पहिली, नळीत शिरलेले पाणी एका जोरदार फुंकरीने वर उडवणे. दुसरी, मास्कमध्ये पाणी आले असता डोके थोडे मागे करून, मास्कची वरची कड दाबून नाकाने हवा सोडणे. तिसरी, आणि सर्वांत दुर्लक्षित, म्हणजे तोंडाने सावकाश श्वास घेत तोंड पाण्यात ठेवून १५ मिनिटे एकाच जागी पडून राहणे. नळीतली हवा प्रत्येक उच्छ्वासानंतर थोडी उरते. श्वास तोकडे आणि घाईचे घेतले तर तीच हवा पुन्हा आत येते, दम लागल्यासारखे वाटते, आणि माणूस घाबरून मास्क ओढून काढतो. सावकाश, खोल श्वासाची सवय झाली की बाकीचे आपोआप जमते.

कयाकसाठी चौथा आणि पाचवा आठवडा द्यावा. साळ नदीचे पात्र, नेरूलची खाडी, काणकोणकडील तळपण नदी किंवा सकाळच्या वेळी पाळोळ्याची शांत खाडी या जागा त्यासाठी चांगल्या आहेत. मांडवी आणि जुवारीच्या मुख्य पात्रात बार्ज आणि बोटींची वर्दळ असते, तर कुंभारजुव्याच्या कालव्यात मगरी आहेत. तेथे उलटण्याचा सराव करू नये, हे वेगळे सांगायला नको. जून ते सप्टेंबर या पावसाळी महिन्यांत जलक्रीडा बंद असतात. सराव सकाळी आटोपावा. पहाटेचे मतलई वारे मंद असतात, दुपारी खारे वारे वाढतात आणि परतीची वाट दुप्पट वाटू लागते.

नवख्यांना बहुधा वरून बसायची कयाक देतात. तिच्यात पाणी शिरून ती बुडत नाही, कारण तळाच्या छिद्रांतून पाणी निघून जाते. वल्हे धरण्याचे माप सोपे आहे: ते डोक्यावर आडवे ठेवावे आणि दोन्ही कोपरे काटकोनात येतील अशा बेताने हात ठेवावेत. पाते पावलांजवळ पाण्यात घालावे आणि कंबरेशी येताच बाहेर काढावे. त्याहून मागे ओढल्यास कयाक पुढे जात नाही, नुसती वळते. जोर दंडांतून न लावता धड वळवून लावावा. होडीवर वल्हे मारणाऱ्या आपल्या पागींना, म्हणजे मासेमारांना, पाहिले तर हे लगेच कळते. त्यांची पाठ आणि कंबर काम करत असते, हात केवळ वल्हे धरून असतात. वल्हे फार घट्ट धरल्यास तळहाताला फोड येतात, आणि खाऱ्या पाण्यात फोड फुटल्यावर दुसऱ्या दिवशीची सहल आवरती घ्यावी लागते.

पुढचा भाग टाळण्याकडे सगळ्यांचा कल असतो, पण तोच न टाळण्याचा आहे. कयाक मुद्दाम उलटवावी, तिच्याबाहेर पडावे, ती सुलटी करावी आणि पुन्हा चढावे. चढताना कयाकच्या मध्यभागी आडवे यावे, दोन्ही हातांनी पलीकडची कड धरावी, पाय पाण्याच्या पृष्ठभागावर आणून मारावेत आणि पोटावर स्वतःला आत ओढून घ्यावे. मग उताणे वळून बसावे, आणि सर्वांत शेवटी पाय आत घ्यावेत. आधी गुडघा टेकवून चढायला गेल्यास कयाक पुन्हा उलटते. खोल पाण्यात, लाइफ जॅकेट घालून, कोणाच्या मदतीशिवाय हे पाच वेळा जमेपर्यंत सराव थांबवू नये. ज्याला हे जमते त्याला लगूनमध्ये भीती वाटत नाही, आणि ज्याला भीती वाटत नाही तोच खाली पाहण्याचा आनंद घेऊ शकतो.

सहाव्या आठवड्यात मुरगावसमोरील ग्रँड आयलंडला एक फेरी करावी. तेथील पाणी लक्षद्वीपसारखे आरस्पानी नसते, आणि तेच चांगले आहे. अंधूक पाण्यात, हलत्या बोटीजवळ, थोड्याशा ओढीत ज्याला शांत राहता येते त्याला बंगारमचे पाणी घरच्यासारखे वाटते.

सोबत काय न्यावे

सर्वांत महत्त्वाची वस्तू म्हणजे पूर्ण बाह्यांचा, गळा झाकणारा लायक्राचा सदरा आणि घोट्यापर्यंतची तुमान. स्नॉर्केल करताना माणूस पालथा असतो, त्यामुळे ऊन पाठीवर आणि गुडघ्यांच्या मागच्या खोबणीत लागते, आणि पाणी थंड असल्यामुळे ते भाजणे संध्याकाळपर्यंत कळत नाही. खोबरेल तेल चोपडून ऊन अडत नाही. ते अंगाबरोबर पाण्यात उतरते, एवढेच. क्रीम घ्यायचे तर झिंक ऑक्साइडचे घ्यावे आणि ऑक्सिबेन्झोन व ऑक्टिनॉक्झेट असलेले टाळावे. हवाईने या दोन रसायनांच्या क्रीमच्या विक्रीवर १ जानेवारी २०२१ पासून बंदी घातली आहे, ती प्रवाळांच्या काळजीनेच. कपड्याने जेवढे अंग झाकले जाईल तेवढे क्रीम कमी लागते, म्हणून कपड्याला पहिला मान.

त्याखेरीज जाड तळाचे रबरी बूट, पायांत नीट बसणारी फिन्स (पोहताना पायांत घालायची रबरी वल्ही), शिट्टी, ध्रुवीकृत काचांचा गॉगल आणि त्याची दोरी, कानांवर येणारी टोपी, पाणी न शिरणारी पिशवी आणि माणशी किमान तीन लिटर पिण्याचे पाणी एवढे पुरे. कयाकवर ठेवलेली प्रत्येक वस्तू बांधलेली असावी. लाइफ जॅकेट आयोजक देतात, पण मापाचे निवडणे आपले काम आहे: खांद्यांच्या पट्ट्या वर ओढल्या असता जॅकेट कानांपर्यंत आले तर ते मोठे आहे.

आयोजकाला विचारायच्या गोष्टी

पैसे भरण्यापूर्वी काही प्रश्न विचारावेत आणि उत्तरे ऐकताना समोरचा माणूस चिडतो की समजावून सांगतो याकडेही लक्ष द्यावे. एका वाटाड्यामागे किती नवखे असतात? चार-पाचांहून अधिक असतील तर मी जाणार नाही. कयाकच्या ताफ्याबरोबर इंजिनाची बोट असते का, वाटाड्याकडे ओढून नेण्याची दोरी आणि संपर्काचे साधन असते का, प्रथमोपचाराचे प्रशिक्षण झाले आहे का, आणि वारा वाढला तर सहल रद्द करण्याचा अंतिम निर्णय कोणाचा, हेही विचारावे. दोनापावला-करंजाळे परिसरात केंद्र सरकारची जलक्रीडा प्रशिक्षण संस्था आहे आणि देशभरातील जलक्रीडा चालवणारे लोक तेथे अभ्यासक्रम करतात. वाटाड्याकडे असे काही प्रमाणपत्र असल्यास ते दाखवायला त्याला संकोच वाटू नये. शेवटच्या प्रश्नाचे एकच उत्तर मला पटते: निर्णय वाटाड्याचा, आणि त्यावर वाद नाही.

सहलीचा दिवस

पहिल्या दिवशी लांब जाण्याचा हट्ट करू नये. बेटाजवळच्या वाळूच्या उथळ पाण्यात कयाक उलटवून पुन्हा चढून दाखवावे आणि वाटाड्याला आपली तयारी पाहू द्यावी. बंगारम, तिण्णकरा आणि परळी ही बेटे एकाच लगूनमध्ये आहेत. त्यामुळे खुल्या समुद्रात न जाता एका बेटाहून दुसऱ्याकडे वल्हवत जाण्याची दुर्मीळ सोय तेथे आहे. आगत्तीहून बंगारमला मात्र बोटीनेच जावे लागते, कारण मध्ये खोल समुद्र आहे. कडमतचे लांबट लगूनही नवख्यांना मानवते. शांत पाण्यात नवखा ताशी चार-पाच किलोमीटर जातो, पण वारा समोरून आल्यास हा वेग निम्म्यावर येतो. म्हणून दिवसाला पाच-सहा किलोमीटरचा बेत पुरेसा आहे.

निघण्यापूर्वी वाटाडा भरती-ओहोटीची वेळ सांगेल ती ऐकून घ्यावी. तिथीची पाऊणपट करून भरतीची वेळ काढण्याचा कोकणातील हिशेब तेथे तसाच लागू पडत नाही, कारण प्रत्येक किनाऱ्याची वेळ वेगळी असते. पाण्याची चढ-उतार आपल्याकडच्यापेक्षा कमी, साधारण मीटरभर असते; पण लगून उथळ असल्यामुळे तेवढ्याने फार फरक पडतो. पूर्ण ओहोटीला प्रवाळांची डोकी पृष्ठभागाला लागतात आणि कयाक त्यांच्यावर घासते. अर्धी भरती झाली असताना निघणे आणि पाणी उतरू लागण्याआधी स्नॉर्केल आटोपणे, हा सोयीचा क्रम आहे.

ताफ्यात एक वाटाडा पुढे आणि एक मागे असतो. पुढच्याच्या पुढे आणि मागच्याच्या मागे कोणी जाऊ नये. वल्हे डोक्यावर आडवे धरले तर थांबायचे, उभे धरले तर त्या दिशेने यायचे, शिट्टी तीनदा वाजली तर कोणीतरी संकटात आहे, अशा खुणा साधारणपणे ठरलेल्या असतात. तरी प्रत्येक ताफ्याने त्या निघताना एकदा करून पाहाव्यात. वल्हवताना पाण्याचा रंग वाचायला शिकावे. फिकट हिरवट-निळा रंग म्हणजे खाली वाळू, तपकिरी डाग म्हणजे वर आलेले प्रवाळ, आणि गर्द निळा म्हणजे खोल पाणी. सूर्य डोक्यावर किंवा पाठीशी असेल तेव्हा हे रंग स्पष्ट दिसतात. समोरून ऊन असेल तर पाण्यावर नुसता चकाकता पत्रा दिसतो, आणि गॉगल त्यासाठीच असतो.

स्नॉर्केलच्या जागी पोहोचल्यावर कयाक एकमेकींना बांधून तरंगत्या गोळ्याला किंवा वाळूत टाकलेल्या नांगराला लावतात. नांगर प्रवाळावर टाकला जात असेल तर नवख्यानेही तसे बोलून दाखवावे. त्यात उद्धटपणा नाही. एक वाटाडा कयाकमध्येच थांबला पाहिजे. पाण्यात उडी न मारता कडेवरून हळूच घसरावे, कारण खाली किती पाणी आहे याचा अंदाज नितळ पाण्यात हमखास चुकतो. पाण्यात वस्तू सुमारे एक-तृतीयांशाने मोठ्या आणि त्यामुळे जवळ दिसतात.

पाण्यात असताना

जोडीने उतरावे आणि जोडीनेच बाहेर यावे. सुरुवात ओढीच्या विरुद्ध दिशेने करावी, म्हणजे थकल्यावर परतीला पाणीच मदत करते. मूठ डोक्यावर ठेवणे म्हणजे मी ठीक आहे, आणि हात उंच हलवणे म्हणजे मदत हवी. छायाचित्र काढणाऱ्या मित्राला हात हलवून दाखवण्याची आपली सवय येथे आवरावी. अशाने बोट निघते आणि खऱ्या संकटाच्या वेळी कोणी मनावर घेत नाही.

शरीर आडवे आणि हात छातीशी ठेवावेत. फिन्स सावकाश, कमरेतून हलवाव्यात. उभे राहून मास्क नीट करण्याचा मोह होतो तोच प्रवाळ मोडण्याचा क्षण असतो. अशा वेळी उताणे व्हावे, लाइफ जॅकेटवर तरंगत मास्क काढावा, धुवावा आणि पुन्हा घालावा. घरी केलेला १० मिनिटे तरंगण्याचा सराव उपयोगी पडतो तो येथे. प्रवाळ म्हणजे लहान लहान प्राण्यांनी चुन्याचा सांगाडा घालून बांधलेली वसाहत. त्यांच्या शरीरात राहणारी सूक्ष्म शैवाले उजेडापासून अन्न तयार करतात आणि प्रवाळांना रंगही देतात. पाणी फार तापले की प्रवाळ ही शैवाले बाहेर टाकतात आणि पांढरे पडतात. लक्षद्वीपच्या प्रवाळांनी १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे विरंजन सोसले. म्हणून काही ठिकाणी रंगीत बागेऐवजी करडे, शैवाल चढलेले सांगाडे दिसतील. आयोजकाने फसवले असे समजू नये. त्याच सांगाड्यांवर रुपयाएवढ्या नव्या वसाहती शोधून पाहाव्यात. मला स्वतःला त्या शोधण्यात माशांपेक्षा अधिक वेळ जातो.

चोचीने प्रवाळ खरवडणारे पोपटमासे दिसले की क्षणभर थांबून कान द्यावेत. खरवडण्याचा आवाज पाण्यात स्पष्ट ऐकू येतो. त्यांनी गिळलेला चुना वाळू होऊन बाहेर पडतो, आणि आपण ज्या पांढऱ्या किनाऱ्यावर जेवायला बसतो त्याचा काही भाग अशा रीतीने झालेला असतो. हिरवी समुद्रकासवे लगूनमधल्या सागरी गवतावर चरतात. त्यांच्या मागे पोहू नये, वरून आडवेही येऊ नये, कारण त्यांना श्वासासाठी वर यावेच लागते. ट्रिगरफिश जातीचा मासा घरट्यावर असेल तर तो अंगावर येतो. त्याची हद्द घरट्यापासून वरच्या बाजूला रुंद होत जाते, म्हणून वर न पळता आडवे दूर जावे. दगडमासा, लायनफिश, समुद्री साळू आणि शंकूच्या आकाराची विषारी गोगलगाय यांच्यापासून बचावाचा एकच नियम आहे: कशालाही हात लावायचा नाही. वाळूच्या उथळ पाण्यात चालावे लागले तर पाय न उचलता घासत चालावे, म्हणजे पुरून बसलेले पाकट आधीच निघून जाते.

खाली बुडी मारण्याची हौस पहिल्या सहलीत आवरावी. दोन मीटरवरच कान दुखू लागतात. नाक दाबून हलकी हवा भरल्याने ते मोकळे होतात, पण सर्दी असेल तर होत नाहीत. बुडीपूर्वी जोरजोरात श्वास घेणे तर पूर्णपणे निषिद्ध आहे, कारण त्यामुळे श्वासाची निकड जाणवण्याआधीच माणूस पाण्यात बेशुद्ध होऊ शकतो. पाणी २८ अंशांचे असले तरी तासाभराने अंग कुडकुडू लागते. ओठ निळसर झाले, दात वाजू लागले की बाहेर यावे. अजून थोडे पाहू, असे म्हणणाऱ्या जोडीदारालाही बाहेर आणावे.

परतल्यावर

प्रवाळाने खरचटले असेल तर ती जखम लहान मानू नये. भरपूर स्वच्छ गोड्या पाण्याने धुवून, बारीक कण निघाले आहेत याची खात्री करून जंतुनाशक लावावे. अशा जखमा उशिरा भरतात. दगडमासा, लायनफिश किंवा पाकट यांचा काटा लागल्यास तो भाग सोसेल इतक्या गरम पाण्यात, सुमारे ४० ते ४५ अंशांच्या, अर्धा तास किंवा अधिक वेळ बुडवून ठेवावा आणि रुग्णाला वैद्यकीय मदतीपर्यंत पोहोचवावे. पाण्याची ऊब दुसऱ्या कोणी हात घालून पाहावी, कारण वेदनेत रुग्णाला भाजणे कळत नाही.

दुसऱ्या दिवशी विमान असले तरी स्नॉर्केलिंगला अडचण नाही. उड्डाणापूर्वी १८ तास थांबण्याचा नियम हवेची टाकी लावून खोल बुडणाऱ्यांसाठी आहे. मास्क आणि फिन्स गोड्या पाण्यात धुवून सावलीत वाळवाव्यात. गावातील लोकांकडून सुकवलेला कुपा, म्हणजे तेथील मासमीन, आणि माडाचा गूळ घरी न्यायला हरकत नाही. किनाऱ्यावरचे प्रवाळाचे तुकडे मात्र, मेलेले असले तरी, उचलू नयेत. प्रवाळ, समुद्रकाकड्या आणि कित्येक शंख-शिंपले यांना १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याचे संरक्षण आहे आणि विमानतळावर सामान तपासले जाते. पिशव्या बांधण्यापूर्वी मुलांचे खिसे आणि स्वतःच्या रबरी बुटांचे तळ एकदा उलटे करून पाहावेत. माझ्या बुटात एकदा बोटाएवढा पांढरा फाटा निघाला होता, आणि तो मी परत पाण्याच्या कडेला नेऊन ठेवला.